नाशिकमध्ये मित्रांचा बँड करून स्वतःची मराठी गाणी लिहायची आणि रेकॉर्ड करायची आहेत. सुरुवात कशी करावी आणि मैत्री कशी टिकवावी?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजचे चार मित्र आहात, आतापर्यंत दुसऱ्यांची गाणी वाजवलीत, आता स्वतःची करायची आहेत. आणि भीती ही आहे की त्यात मैत्रीला तडा जाईल. आम्ही पाच जण इथेच बँड चालवतो. गायक शाळेत शिक्षक आहे, कीबोर्ड वाजवणारी मैत्रीण औषधांचं दुकान सांभाळते, बासवाला अंबड एमआयडीसीत पाळ्यांवर जातो, ढोल आणि संबळ वाजवणारा दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार आहे, आणि मी गिटार वाजवतो, बरेचसे शब्द लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: एकमेकांच्या ओळींबद्दल खरं बोलायची सवय लागली की रेकॉर्डिंग आणि मैत्री दोन्ही तिच्याच जोरावर चालतात. म्हणून शब्दांवर जास्त बोलणार आहे.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे यमक आयतं मिळतं आणि तिथेच गाणं ढिलं पडतं. होता-गेला होता, आली-झाली, अशा ओळी कितीही लांबवता येतात, पण ऐकणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. दुसऱ्या पाळीवरून घरी येणाऱ्या माणसावर आमचं एक गाणं आहे. त्याचा पहिला खर्डा असा होता: ‘दुसरी पाळी सुटली होती, रस्त्यावर धूळ उठली होती’. बासवाल्याने तो दोनदा वाजवला आणि म्हणाला, यात मी कुठेच नाही. मग क्रियापदं पुढे ओढली: ‘सुटली पाळी, उठली धूळ, सायकलीला वाऱ्याचं खूळ’. आता ओळ नामावर थांबते, चित्र दिसतं, आणि ‘धूळ’मधल्या दीर्घ ऊवर गायकाला सूर धरता येतो. त्याने बासही बदलला, कारण त्याला आता सायकलचा वेग ऐकू येत होता.

सूर धरण्याचा मुद्दा लिहिणाऱ्याने गायकाजवळ बसूनच शिकावा. कागदावर सुंदर दिसणारा शब्द उंच पट्टीत गळा आवळतो. आमच्या गायकाला वरच्या स्वरात आ सोपा जातो, ई आणि उ जड जातात. म्हणून ध्रुवपदाचा सर्वांत उंच स्वर जिथे येतो, तिथे मी आधी आकार असलेला शब्द शोधतो आणि मग उरलेली ओळ त्याच्याभोवती बांधतो. जलद लयीत जोडाक्षरं टाळतो. तुमच्या गायकाचं वेगळं असेल. त्याला नुसते स्वर वर-खाली गायला लावा, कुठे आवाज मोकळा होतो ते लगेच कळेल.

छंद अवघड वाटत असेल तर अभंगापासून सुरुवात करा. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, फक्त अक्षरं मोजायची. हा माझा सरावातला एक तुकडा: ‘सातपूर गाव, पहाटेची वेळ, धुराचा हा खेळ चुलीपाशी’. शेवटचा चरण आखूड असल्यामुळे तिथे श्वास घ्यायला, गिटारला बोलायला जागा आपोआप मिळते. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात हे बसतं, आणि त्याच्याखाली ड्रमचा साधा चार-चारचा ठेका ठेवला तरी खटकत नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहिलेला हा साचा आहे. बँडवाल्यांनी तो हक्काने वापरावा.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. लोकशाहीर वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची गाणी छापील पुस्तकापेक्षा माणसांच्या तोंडून जास्त पसरली. रोजच्या बोलण्यातले शब्द, एका वेळी एकच विचार, आणि जमावाला उचलता येईल असं ध्रुवपद. पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाला दुसऱ्या वेळेस ध्रुवपद आपल्याबरोबर म्हणता आलं पाहिजे, ही कसोटी मी त्यांच्या गाण्यांवरून घेतली आहे.

आता खरं बोलण्याविषयी. एका वर्षी गारपीट झाली आणि आमच्या ढोलवाल्याच्या बागेत काढणीला आलेले घड फुटले. आम्ही सगळे मळ्यावर गेलो, दिवसभर फुटलेले घड वेगळे केले. परत आल्यावर मी त्यावर गाणं लिहिलं. सगळ्यांना आवडलं, गायकाने चालही लावली. पण हे गाणं आधी त्याला ऐकवायचं आणि त्याने हो म्हटलं तरच पुढे न्यायचं, असं आम्ही ठरवलं होतं. त्याने शांतपणे ऐकलं आणि बापाच्या डोळ्यांतल्या पाण्याची ओळ काढायला सांगितली. म्हणाला, त्या संध्याकाळी माझे वडील रडत नव्हते, ते औषधाचा हिशेब करत होते. गारांनी वेलीला जखमा होतात, त्यांतून बुरशी शिरते, म्हणून बुरशीनाशक लगेच फवारावं लागतं. पीक गेलेलं असतं तरी पुढच्या वर्षासाठी वेल वाचवायची असते. मी ते कडवं फाडलं आणि त्याच्याकडून विचारून विचारून नवं लिहिलं. त्यात टाकीतलं पाणी आहे, उधारीवर आणलेलं औषध आहे, ट्रॅक्टरचा दिवा आहे. रडणं कुठेच नाही. आज आमच्या कार्यक्रमात लोक सर्वांत जास्त शांत होतात ते त्या कडव्याला. मित्र सोबत नसता तर मला ते सुचलंच नसतं, आणि ती ओळ त्याने संकोचाने राहू दिली असती तर तो ते गाणं मनापासून वाजवू शकला नसता.

आमच्याकडे एक पाळलेली रीत आहे: ओळ नाकारायची असेल तर ती आधी एकदा पूर्ण ताकदीने गाऊन, वाजवून बघायची. बसल्या जागी ‘नको’ म्हणायचं नाही. यामुळे लिहिणाऱ्याला कळतं की आपलं ऐकलं गेलं, आणि बऱ्याच वेळा नको वाटलेली ओळ वाजल्यावर जमून येते.

पट्टीबद्दल थोडक्यात. तुमचा गायक शास्त्रीय किंवा भजनाच्या वळणाचा असेल तर तो ‘काळी दोन’ म्हणेल आणि गिटारवाला गोंधळेल. काळी दोन म्हणजे डी शार्प. गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि डीचे आकार वाजवा. गायकाला गिटारच्या सोयीने खाली-वर ओढू नका, गाणं त्याच्या गळ्यावर उभं राहणार आहे.

सरावाची जागा ही शहरात खरी अडचण. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, आणि बंद खोलीत नाशिक ढोल याच्या कितीतरी पुढे जातो. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या इमारतींमध्ये ढोल घेऊन बसूच नका. शब्द आणि चाल घरी, कमी आवाजात. तालाचा सराव गावाबाहेर किंवा ओळखीच्या शेडमध्ये, काम बंद असेल त्या वेळेत.

रेकॉर्डिंगला लगेच मोठ्या स्टुडिओत जाऊ नका. तासाचे पैसे चालू असताना गाणं दुरुस्त करायला बसलात तर चिडचिड होते आणि ती एकमेकांवर निघते. आधी घरी पूर्ण कच्चं रेकॉर्डिंग करा. दोन माइक लागतील असा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक डायनॅमिक माइक, एक कंडेन्सर माइक (त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, तो इंटरफेसमधून मिळतो), बंद कानांचे हेडफोन आणि लॅपटॉप, एवढं पुरतं. सॉफ्टवेअरमधली रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. आवाज मीटरच्या टोकापर्यंत नेऊ नका. सर्वांत मोठा क्षण उणे ६ डेसिबलच्या खाली राहिला पाहिजे. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज थोडा साठवून पुढे पाठवायचा तुकडा) १२८वर आणा, मिक्सिंगच्या वेळी पुन्हा वाढवा. घूं असा सलग आवाज आला तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा असतो: अर्थिंग तपासा, लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

गाणं गाताना गोधड्या आणि गाद्या गायकाच्या पाठीमागे लावा. बरेच जण माइकच्या मागे लावतात. पण माइक समोरून ऐकतो, म्हणजे गायकाच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज सरळ त्यात शिरतो. हा एक बदल महागड्या माइकपेक्षा जास्त फरक पाडतो.

क्लिकवर (हेडफोनमध्ये ठरावीक वेगाने वाजणाऱ्या टिकटिकीवर) वाजवायचं की नाही, यावर तुमच्यात मतभेद होणारच. माझं मत: गिटार आणि आवाजाचा कच्चा ट्रॅक क्लिकवर घ्या, त्यावर ताल, मग बास, मग बाकीचं, आणि खरा आवाज शेवटी. पण संबळावर उभं असलेलं गाणं असेल तर क्लिक बंद करा आणि गायक व संबळवाला यांना समोरासमोर बसवून एकत्र घ्या. संबळाच्या साथीने होणाऱ्या गोंधळाची लय कडव्यागणिक चढत जाते. तिला एका आकड्यात बांधलं की जीव जातो.

ढोल लहान खोलीत घेऊ नका, खालचा नाद भिंतींमध्ये कोंडतो आणि सगळंच गढूळ होतं. आम्ही मळ्यातल्या मोकळ्या अंगणात घेतला, पंप आणि ब्लोअर बंद असताना, वारा पडल्यावर. एक माइक टिपरू पडतं त्या बाजूला, दुसरा उलट बाजूला चारेक फुटांवर. दोन बाजूंचे माइक एकत्र ऐकताना नाद अचानक पातळ झाला तर घाबरू नका. ढोलाचं एका बाजूचं पान आत जातं तेव्हा दुसरं बाहेर येतं, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एका माइकची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटी करा. ढोलाची छाती परत येते.

मिक्सिंगला मात्र बाहेरचा माणूस घ्या. पाचही जणांना आपापलं वाद्य मोठं हवं असतं आणि हे चांगुलपणाने सुटत नाही, कारण प्रत्येकाला खरंच तेच ऐकू येत असतं. मास्टर (गाण्याची शेवटची तयार प्रत) फार चेपून मोठा करू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) सगळी गाणी समान करतं, म्हणजे चेपलेलं गाणं तिथे लहानच होतं, वर त्याचा दम गेलेला असतो.

मैत्रीबद्दल तुम्ही विचारलंय त्याचं सगळ्यांत कोरडं वाटणारं उत्तर माझ्या मते सगळ्यांत प्रेमाचं आहे: गाणं पूर्ण झालं त्याच रात्री वहीत लिहा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, तारीख, सगळ्यांच्या सह्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. नोंदणी सक्तीची नाही, गाणं रचल्यापासून हक्क असतो. म्हणूनच कोणी रचलं हे लिहिलेलं हवं. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा करारात सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. एखादी कंपनी ‘सगळे हक्क आमचे’ असा कागद पुढे करेल तेव्हा हे लक्षात ठेवा. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं) सदस्यत्व घ्यावं, आणि वितरकाकडे (गाणं ॲप्सवर पोचवणाऱ्याकडे) गाणं देताना प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची स्वतंत्र ओळख) वहीत त्याच पानावर उतरवून ठेवावा.

आमच्यात कार्यक्रमाचे पैसे समान वाटले जातात, आधी तारा आणि गाडीभाडं वजा करून. रॉयल्टी मात्र वहीतल्या नावांप्रमाणे. ज्याचं नाव कमी गाण्यांवर आहे त्याला वाईट वाटतं का? वाटतं, आणि तो ते बोलतो. मग पुढच्या गाण्याची चाल पहिल्यांदा त्याच्याकडून मागायची. संबळाचा जो तुकडा नसता तर गाणंच उभं राहिलं नसतं, तो रचणाऱ्याचं नाव आम्ही संगीतकारात घालतो. यावर लांब चर्चा झाली आणि ती होऊ दिली हे बरं झालं.

कॅलेंडरही एकमेकांच्या कामावरून लावा. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी आणि जानेवारी ते मार्चची काढणी यांत ढोलवाला नसतो, तेव्हा आम्ही शब्द आणि चालींवर बसतो. एप्रिलची खरड छाटणी उरकली की तालाचं काम, आणि पावसाळ्यात रेकॉर्डिंगची दुरुस्ती. बासवाल्याची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून सराव त्याच्या पाळीप्रमाणे ठरतो, इतरांच्या सोयीने नाही. कोणी नोकरीसाठी पुण्याला गेलं तरी वहीतलं नाव तसंच राहील, हेही आत्ताच बोलून घ्या.

तुमच्या चौघांत ताल कोण धरतं, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. ढोल किंवा संबळ असेल तर कळवा. माइक कुठे ठेवायचे हे दिंडोरीच्या मळ्यात प्रत्यक्ष दाखवायला आमचा ढोलवाला तयार आहे, फक्त काढणी संपल्यावर या.