मुलगा व्हिसाचं बोलत नाही, बास्केटबॉलचं बोलतो

प्रश्न : मुलगा दीड वर्षापूर्वी एमएस करायला अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात, लॉरेन्सला गेला. इथे क्रिकेटशिवाय काही बघायचा नाही, आता फोनवर बास्केटबॉलशिवाय विषय नाही. बातम्यांतलं व्हिसाचं काही विचारलं की ‘आई, ब्रॅकेट भरायचंय’ म्हणून फोन ठेवतो. हा जुगार आहे का? की काही लपवतोय? तुम्ही त्याच राज्यात, खेड्यात राहता म्हणून विचारते.
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी जुगाराचं. ब्रॅकेट म्हणजे ६८ कॉलेज संघांच्या स्पर्धेचा तक्ता. मार्चमधल्या एका रविवारी तो जाहीर होतो आणि गुरुवार दुपारच्या आत ६३ सामने कोण कोण जिंकणार ते लिहून मोकळं व्हायचं. मित्रमंडळी पाच-दहा डॉलर लावतात, त्यात घर बुडत नाही. शिवाय त्याच्या गावाला हे वेड शोभतं. नेस्मिथ नावाच्या ज्या मास्तरांनी १८९१ मध्ये पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला, ते १८९८ मध्ये लॉरेन्सलाच आले आणि तिथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले त्या विद्यापीठाचे प्रशिक्षक तेवढे तेच!

आता लपवण्याचं. हो, थोडं लपवतोय. इथे सगळेच लपवतात.

मी लॉरेन्सपासून तासाभरावर, फ्लिंट हिल्समध्ये राहते. जमीन अशी दगडी की टेकड्यांवर नांगर कधी चाललाच नाही, नुसतं गवत. मार्च सरता सरता हे माळ पेटवतात, म्हणजे नवं गवत जोमाने येतं आणि सीडरची झुडपं माजत नाहीत. कोकणात आम्ही राब भाजायचो, थेट तोच वास. पहिल्या वर्षी शिमग्याच्या आठवणीने मी रडले होते. शेजारचे आजोबा जांभळी टोपी घालून (म्हणजे कॅन्सस स्टेटचे, तुमच्या चिरंजीवांच्या संघाचे हाडवैरी) पिकअपवर पाण्याची टाकी चढवतात. मी कुंपणापाशी फावडं घेऊन उभी. काळी पडलेली टेकडी दोनेक आठवड्यांत हिरवी होते.

आजोबांची ओढ्याकाठच्या सपाटीत ज्वारी असते. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससचीच, पण भाकरी खाणारं कोणी नाही. बरीचशी चीनला जायची. २०२५ मध्ये आयातशुल्काची भांडणं लागली आणि चीनने हात आखडला. त्यांच्या अंगणात निवडणुकीला कोणाची पाटी होती ते मी पाहिलंय. त्याच सप्टेंबरात नव्या एच-वन-बी (इकडच्या नोकरीचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं आणि पुण्यातल्या माझ्या पुतण्याला इकडची नोकरी देऊ केलेल्या कंपनीने माघार घेतली, हे त्यांना ठाऊक आहे. दोघंही तो विषय काढत नाही. फ्री थ्रो कोणी चुकवला यावर मात्र पाऊण तास.

मी भाबडेपणाने सांगत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये इथल्याच ओलेथ गावात बारमध्ये बसलेल्या दोन भारतीय इंजिनिअरांवर ‘माझ्या देशातून चालते व्हा’ म्हणत एकाने गोळ्या झाडल्या. टीव्हीवर तुमच्या मुलाच्या विद्यापीठाचीच मॅच लागली होती. एक गेला. मारेकऱ्याला धरायला धावला आणि स्वतः गोळी खाल्ली, तो तिथेच बसलेला एक गोरा तरुण. हे दोन्ही मला एकदमच आठवतं, वेगळं करता येत नाही.

तेव्हा बातमी वाचून धसक्याने फोन करू नका. दोनच गोष्टी विचारा : आय-२० वरची (विद्यापीठाने दिलेला, विद्यार्थी व्हिसासाठीचा कागद) प्रवासाची सही वर्षाच्या आतली आहे ना, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची मेल रोज उघडतोस ना? पण त्याआधी ‘तुझ्या फायनल फोरचं (म्हणजे शेवटी उरणाऱ्या चार संघांचं) काय झालं रे?’ विचारा. नावं कळली नाहीत तरी चालेल, तो समजावत बसेल आणि पुढचं आपसूक निघेल.

परवा आग विझल्यावर आम्ही राखेत उभे होतो. आजोबांनी बुटाने एक धुमसतं ढेकूळ फोडलं आणि पहिल्यांदाच विचारलं, ‘पुतण्या येतोय का?’ मी म्हटलं, नाही. मग मीही विचारलं, ‘ज्वारी गेली का?’ ती अजून कोठारातच आहे.