कर्ज काढून शिखर गाठावं का?

प्रश्न : मी ३७ वर्षांची, राहायला डोंबिवलीत, नोकरी लोअर परळला. पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरतेय. अलंग-मदन-कुलंग झालं, दोन वर्षांपूर्वी उत्तराखंडातला केदारकंठा. येत्या ऑक्टोबरमध्ये नेपाळमधलं आयलंड पीक हे शिखर करायचं आहे. पॅकेज २,९०,००० रुपये. माझा पगार हातात ६२,०००, मिस्टरांचा ४८,०००. घराचा हप्ता ३१,०००, घरखर्च ४५,०००, गावी सासू-सासऱ्यांना ८,०००, मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी १०,०००. मुदत ठेव साडेतीन लाखांची. दिवाळीला साठेक हजार बोनस. तीन लाखांचं पर्सनल लोन (१४ टक्के, तीन वर्षं) घेऊ, ठेव मोडू की वर्षभर एसआयपी थांबवू? १५ जुलैच्या आत पैसे भरले तर सवलत आहे. दुसऱ्या एका पत्रकात मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक ४८,०००त आहे, पण मन आयलंडवरच आहे.

उत्तर : तिन्ही नको. पण ‘हे तुमचं वय आहे का, मुलीकडे बघा’ हेही मी म्हणणार नाही. ते सांगायला नातेवाईक आहेत.

एसआयपीचा विषय आधी संपवू. वर्षभर थांबवून १,२०,००० वाचतील, तेही वर्षाच्या शेवटी. तुम्हाला पैसे आत्ता हवेत. म्हणजे मुलीचं नुकसान होऊन तुमचं काम होणार नाहीच.

ठेव मोडली तर हाती पन्नास-साठ हजार उरतील. हप्ता, घरखर्च आणि गावचे पैसे मिळून महिन्याला ८४,००० लागतात. आज ती ठेव चार महिने घर चालवू शकते, मोडल्यावर एक महिनाही नाही. डोंगरात पाय मुरगळून दोन महिने घरी बसायची वेळ आली तर? ज्या कामासाठी ही ठेव आहे, त्याचीच शक्यता या सहलीने वाढते.

आता कर्ज. तीन लाखांचा हप्ता येईल साधारण १०,२५० आणि तीन वर्षांत व्याज जाईल ६९,०००च्या आसपास. सगळा खर्च जाऊन तुमच्याकडे महिन्याला १६,००० उरतात, म्हणून कागदावर हे बसतं. मला भीती वेगळीच आहे. आयलंड पीकची शेवटची चढाई मध्यरात्रीनंतर, अंधारात सुरू होते. वर बर्फाच्या उभ्या भिंतीवर दोर लावलेला असतो. तिथे शेर्पा म्हणाला, ‘दीदी, वारा वाढतोय, परत फिरू,’ तर ते ऐकता आलं पाहिजे. डोक्यात छत्तीस हप्ते असलेल्या माणसाला ते ऐकणं जड जातं. शिखराचे पैसे असे हवेत, की माथा न गाठता परत आलं तरी रडू येऊ नये. मी स्वतः कळसूबाईच्या शिड्यांवर हाशहुश करणारा गडी, पण पैसे अडकले म्हणून चुकीच्या गोष्टीला चिकटून बसलेली माणसं माझ्या टेबलासमोर रोज बसतात.

शिवाय २,९०,००० हा पूर्ण खर्च नाहीच. मुंबई-काठमांडू विमान वेगळं. तिथून लुक्लाला, म्हणजे चाल सुरू होते त्या गावाला, जाणारी विमानं हवेवर चालतात. ती रद्द झाली की मुक्काम वाढतो, आणि हंगामात ती बरेचदा काठमांडूऐवजी मन्थलीहून सुटतात, म्हणजे चार-पाच तासांचा रस्ता आणखी. टिपा, भाड्याचं सामान. तुमची रजा किती शिल्लक आहे ते तुम्ही लिहिलं नाही. आठ दिवस बिनपगारी गेले तर साडेसोळा हजार तिथेच गेले. पॅकेज इथल्या एजंटकडून घेतलं तर टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवरचा आगाऊ करही घेतील. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. मी हिशेब साडेतीन लाखांच्या पुढेच धरीन.

पॅकेजांची तुलना करताना आधी दिवस मोजा, मग रुपये. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम आहे. दोन दिवस कमी करून वीस हजारांची सवलत देणारा माणूस नेमके हेच दिवस कापत असतो. समुद्रसपाटीला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते परवडत नाही.

विम्याचं मी सहसा दोन ओळींत उरकतो, इथे नाही. ऑफिसच्या मेडिक्लेमवर विसंबू नका. नेपाळमधल्या हेलिकॉप्टरचं बिल तो भरेल असं धरून चालू नका. साध्या प्रवास विम्यात बहुधा ठरावीक उंचीच्या वरचं आणि दोर लावून केलेलं चढण वगळलेलं असतं. ६,१८९ मीटर आणि दोराची चढाई, दोन्ही लेखी मान्य असलेली पॉलिसीच घ्या. अपघात विम्यातही हेच तपासा. टर्म प्लॅन असेल तर त्याचा फॉर्म काढून बघा. ‘धोकादायक छंद’ विचारलं होतं तिथे एजंटने परस्पर ‘नाही’ लिहिलं असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा.

मग करायचं काय? या ऑक्टोबरऐवजी येत्या मे-जूनमध्ये फ्रेंडशिप. उंची ५,२८९ मीटर, आणि ते सोपं आहे असा गैरसमज नको. बर्फातले क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे खिळे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) तिथे पहिल्यांदा नीट हाताळाल. केदारकंठावरून थेट आयलंडला जाणं म्हणजे सोपी राजमाची झाल्यावर लगेच हरिश्चंद्रगडाची अवघड नळीची वाट. ४८,०००त चंदीगडपर्यंतची रेल्वे, पुढची बस, विमा आणि हवेसाठी राखलेले दोन दिवस धरून ८५,००० ठेवा. ऑगस्टपासून महिन्याला ९,००० आवर्ती ठेवीत टाकले तर दहा महिन्यांत ९०,००० होतात. १६,०००तले ७,००० तरीही घरात राहतात. बर्फाचे बूट मनालीत भाड्याने घ्या. थर्मल, मोजे, हातमोजे मात्र स्वतःचे हवेत. चार आठवडे रजा मिळत असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स याहून चांगला सौदा आहे. वयाची अट असते, तेवढी आधी बघून घ्या.

तयारीला पैसे लागतच नाहीत. पाठीवर दहा किलो घेऊन इमारतीचे जिने, रविवारी क्लबबरोबर मुंब्रा किंवा कान्हेरीचे कातळ, आणि ट्रेकला नेणारी, तुमच्या ओळखीची शेवटची कसारा लोकल.

आयलंडसाठी तारीख ठरवू नका, रक्कम ठरवा. फ्रेंडशिपनंतर तेच ९,००० चालू ठेवले आणि दोन दिवाळ्यांचा बोनस त्यात घातला तर पुढल्याच्या पुढल्या सप्टेंबरला २,६४,००० जमतील. लाखभर कमी. ते पगारवाढीतून आले तर त्याच ऑक्टोबरला निघा, नाही तर एक वर्ष उशिरा. पण उरलेल्या लाखासाठी कर्ज नको.

१५ जुलैच्या सवलतीबद्दल त्यांचा फोन येईलच. एकच विचारा, रद्द केलं तर कधीपर्यंत किती पैसे परत, आणि ते लेखी मागा. आत्ता जाणार नसलात तरी विचाराच, दोन-तीन वर्षांनी याच लोकांकडे जायचं की नाही ते त्या उत्तरावरून कळेल.