शिट्टीच येत नाही!

प्रश्न : एका ट्रान्झिस्टरचा रिजनरेटिव्ह (सिग्नलचा काही भाग फीडबॅक म्हणून परत देऊन जोर वाढवणारा) शॉर्टवेव्ह रेडिओचा किट जोडला, पुढे आवाज वाढवणारा आयसी एलएम ३८६ आहे. स्पीकरमधून नुसती बारीक खरखर. रिअ‍ॅक्शनचा पॉट (हा फीडबॅक कमी-जास्त करणारी खुंटी) शेवटपर्यंत फिरवूनही शिट्टी नाही, स्टेशन नाही. आयसी गेला का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आयसीवर एवढ्यात संशय घेऊ नका. सेट बॅटरीवर चालू ठेवून ३८६च्या ३ नंबरच्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावा, बोट धातूला टेकलेलं असू द्या. मोठ्याने गुणगुणला तर ऑडिओची बाजू ठणठणीत आहे.

मग कॉइलकडे वळा. माझा पहिला संशय तिच्यावरच असतो. टिकलरची (कॉइलवरच्या फीडबॅक देणाऱ्या गुंडाळीची) टोकं उलटी लागली, तर फीडबॅक सिग्नलला जोर देण्याऐवजी त्याला मारतो. टोकांची अदलाबदल करा. त्याआधी तारेवरचं इनॅमल ब्लेडने चहूबाजूंनी खरवडा. वरून चकचकीत दिसणारं सोल्डर आत तांब्याला धरलेलंच नसतं.

शिट्टी आली की पॉट तिच्या किंचित अलीकडे आणा. तिथेच हा सेट सगळ्यात तिखट कानाने ऐकतो. अंधार पडल्यावर ६ मेगाहर्ट्झच्या आसपास, ४९ मीटरवर शोधा. हात जवळ नेताच स्टेशन सरकलं, तर गँगची (स्टेशन लावायच्या कंडेन्सरची) फिरती पाती अर्थला जोडलेली आहेत ना, ते पाहा. मोबाइलचे चार्जरही तेवढा वेळ काढून ठेवा, त्यांची खरखर सेटमध्ये येते.