साडेसहाची भूक आणि स्टेशनबाहेरची गाडी

तुम्ही लिहिलंय की ऑफिस अंधेरीला, घर डोंबिवलीला, पोचायला नऊ वाजतात. साडेसहाला पोटात कावळे ओरडायला लागले की दोन वडापाव आणि कोला, नाहीतर शेजवान राइस. आता ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढलेत, डॉक्टरांनी बाहेरचं बंद करायला सांगितलंय आणि ते जमत नाही.

मी सतरा वर्षं कर्जत लोकलने प्रवास केलाय. माझं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.२ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, तेव्हा मीही सगळं एकदम बंद केलं. पंधरा दिवसांत पुन्हा गाडीवर उभा होतो. म्हणून जे टिकलं तेवढंच सांगतो.

पहिल्यांदा कोला सोडा. ट्रायग्लिसराइड म्हटलं की आपण फक्त तेलाकडे बघतो, पण ते वाढण्यात साखर, मैदा आणि दारू यांचा मोठा हात असतो. १०० मिली कोलात साधारण १० ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलीच्या बाटलीत सहा-सात चमचे. त्याऐवजी ताक घ्या, नाहीतर साधं पाणी. कोकम सरबतातही साखर असतेच, ते रोजचं करू नका.

मग भूक. डबा साडेबाराला खाऊन साडेसहापर्यंत काहीच नाही, तर दोन वडे कमीच वाटणार. ऑफिसच्या खणात साधे फुटाणे ठेवा, खारे नकोत. पाच वाजता मूठभर खायचे आणि वर ग्लासभर पाणी. मला यानेच एका वडापाववर थांबता आलं. चुरा मागू नका, तो नुसतं तेल प्यायलेलं बेसन असतं.

वडा घेण्याआधी कढईत डोकवा. तेल काळपट दिसतंय, वडे काढल्यावरही फेस बसत नाहीये, धूर येतोय, तर सरळ पुढच्या गाडीवर जा. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते बिघडून त्यात पोलर घटक वाढतात. ते २५ टक्क्यांवर गेले तर ते तेल वापरू नये असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०१८ पासून आहे. गाडीवर ते कोण मोजणार? आपले डोळेच वापरायचे.

माझ्या मते स्टेशनबाहेर सगळ्यात चांगली मिसळ, पण नीट सांगून घेतलेली. मोड आलेली मटकी पोटाला आधार देते. घोळ होतो तो फरसाण, तर्री आणि तिसऱ्या-चौथ्या पावाने. ताट भरायच्या आधीच सांगा: "उसळ जास्त, फरसाण वेगळ्या वाटीत, तर्री नको, पाव एकच." भेळेलाही तेच, शेव आणि गोड चटणी अर्धी, कांदा-टोमॅटो भरपूर. इडली-सांबार मिळालं तर उत्तमच. पावभाजीत बटर भाजीत पडतं, वरून पडतं आणि पावालाही लागतं. निदान पाव नुसता शेकून मागा.

शेजवान राइसबद्दल लोक अजिनोमोटोला घाबरतात. मला त्यापेक्षा सॉसमधलं मीठ, तेल आणि भाताचा डोंगर जास्त खटकतो. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक प्लेट दोघांत घ्या, आणि आठवड्यातून एकदाच.

मोठ्या साखळी दुकानांत गेलात तर मेन्यूवर कॅलरी बघा. १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना २०२२ पासून त्या दाखवाव्या लागतात. नुसता बर्गर आणि कॉम्बो यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा, फ्राइज आणि पेयाने किती भर पडते ते लगेच कळेल.

सुरुवातीला गाडीवाल्याला एवढं सांगताना संकोच वाटतो, मागे रांग असते. मलाही वाटायचा. आठवडाभर रोज तेच सांगितलं. आता माझा मिसळवाला मला लांबून येताना बघितलं की तर्रीचं पातेलं झाकतो आणि मटकीत डाव घालतो.