नुकतंच धावायला लागलोय. रोजच्या जेवणातून पुरेसं प्रोटीन मिळेल, की पावडर घ्यावीच लागेल?

घ्यावीच लागते असं काही नाही. वजन 60 किलो, आठवड्यातून चार दिवस धावणं, अंडं चालतं पण मांस-मासे नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरूनच हिशेब करू.

बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.8 ग्रॅम प्रोटीन धरतात. नियमित धावणाऱ्यांना 1.2 पासून पुढे सांगतात. 2 ग्रॅमपर्यंतचे आकडे कानावर येतील, पण ते कसून सराव करणाऱ्यांचे, तुम्ही सध्या त्यांच्या नादी लागू नका. म्हणजे तुमच्या 60 किलोंना दिवसाला 48 च्या जागी 72 ग्रॅम. वरचे 24 कुठून आणायचे? दोन अंड्यांचे 12, मोठा पेलाभर दुधाचे 8 आणि 20 ग्रॅम शेंगदाण्यांचे 5. झालं की!

खरी गोची आधीच्या 48 मध्ये असते. वाटीभर डाळ खाल्ली की आपण खूश, पण पातळ डाळीत पाणीच जास्त. मी डाळ शिजवायच्या आधी कोरडीच काट्यावर ठेवतो. 30 ग्रॅम डाळीत प्रोटीन जेमतेम 7 ग्रॅम निघतं. सोया चंक्स त्या मानाने दणदणीत: कोरड्या 100 ग्रॅमला 50 च्या आसपास. चवीचं मात्र विचारू नका, मसाला सढळ हाताने घाला. डाळींसोबत धान्यही पोटात जाऊ द्या, एकात जी अमिनो आम्लं (प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक) कमी ती दुसऱ्यात असतात. दोन्ही एकाच ताटात हवीत असंही नाही.

नाश्ता नावापुरता आणि सगळं प्रोटीन रात्री, असं करू नका. दर जेवणात 20 ग्रॅमच्या आसपास बसवा. धावून आल्यावर अर्ध्या तासात शेक घेतला नाही तर सगळी मेहनत वाया, हे डोक्यातून काढून टाका.

आणि हो, पाय जड पडतात म्हणून प्रोटीन वाढवताय? आधी एकूण जेवण पुरतंय का बघा. तुमच्या वजनाला 5 किलोमीटर धावण्यात 300 कॅलरींच्या आसपास जातात. भात, बटाटा, फळं कमी पडली तर शरीर प्रोटीनच इंधन म्हणून जाळतं.

किडनीचा त्रास असेल तर हे आकडे बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारा. पावडर घ्यायचीच झाली तर ती सोय म्हणून घ्या. डब्यावर ‘100 ग्रॅममागे’ किती ते मोठ्या अक्षरात असेल, तुम्ही एका स्कूपमागे किती ते वाचा.