समुद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा येतो

"सुरुवात जोरात होते हो, पण पंधरा दिवसांत सुटतं." रियाज, योगासनं, रोजनिशी, चित्रकला, विषय बदलतो, वाक्य तेच. समुपदेशक म्हणून हे इतक्यांदा ऐकलं की एकीची गोष्ट, तिच्या परवानगीनं आणि ओळख लपवून, सांगतेच.

पन्नाशीच्या या बाई रत्नागिरीत एका पतसंस्थेत नोकरीला. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिलेल्या. मुलं बाहेरगावी गेल्यावर जलरंग आणले आणि ठरवलं, रोज मांडवीला जाऊन समुद्र रंगवायचा. अकराव्या दिवशी सासूबाईंना ताप आला, खाडा झाला आणि रंगांची पेटी कपाटावर गेली. असं तीनदा.

"माझ्यात चिकाटीच नाही, ताई. रोज पहाटे सहालाच बसायचं, चित्र पूर्णच करायचं, ते चांगलंच व्हायला पाहिजे, एवढं साधं जमत नाही."

मी ते वाक्य कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवलं. "यात हट्टाचे 'च' किती, मोजा."

"तीन."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत घडलेली आहे. माणसाला इच्छा थकवत नाही, इच्छेची सक्ती झाली की ती थकवते, असं मी मानते. आणि मराठीत ही सक्ती एका अक्षरात सापडते, ही आपल्या भाषेची केवढी सोय! पण बाई पटकन ऐकणाऱ्या नव्हत्या. "'च' काढला तर शिस्त कसली? एकवीस दिवस सलग झाले तरच सवय लागते म्हणतात."

मी त्यांना लंडनमधल्या 2010 सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. 96 जणांनी रोजची एक छोटी सवय लावून पाहिली. ती अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला; मधला आकडा 66. एखाद्या खाड्यानं फारसं बिघडलं नाही. त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. आकड्यांनी माणूस क्वचितच हलतो.

चौथ्या भेटीत सहज माहेरचा विषय निघाला. वडील मासेमारी करायचे.

"ते रोज सहाला निघत?"

"छे! पाण्याची वेळ बघून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच. रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे."

"आणि पावसाळ्यात?"

"होडी वर ओढलेली. मग जाळी विणायची."

"म्हणजे तुमचे बाबा अनियमित होते."

त्या एकदम ताठ झाल्या. "बाबा? अहो, त्यांच्याइतका नेमाचा माणूस..." आणि थांबल्या. बाहेर रिक्षा वाजत होती, पंखा फिरत होता. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलणारा समुपदेशक हातातला क्षण घालवतो. बऱ्याच वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "समुद्रपण रोज उशिराच येतो की."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मी बोटांवर मोजते. उत्तर त्यांच्या माहेरात होतं. मी फक्त त्या घरापर्यंत सोबत गेले.

मग बेत त्यांनीच आखला. जागा एकच, धक्क्याजवळची. आठवड्यातून दोनदा, ओहोटी उजेडात येईल तेव्हा. काळसर ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यात आभाळ उतरतं, ते त्यांना आवडायचं. कागद पोस्टकार्डाएवढा, वेळ वीस मिनिटं. चित्र अर्धं राहिलं तर अर्धं. पिशवी कायम भरलेली: रंग, दोन ब्रश, पाण्याची बाटली, चिंधी. पावसाळ्यात खिडकीतून आभाळ, ही त्यांची जाळी विणणं.

तुमचंही असंच सुटत असेल तर आधी सक्ती शोधा. वेळ हलू द्या, पण जागा आणि सामान पक्कं ठेवा. खाडा झाला तर भरपाई म्हणून दुप्पट काम अंगावर घेऊ नका. पुढच्या ठरलेल्या वेळेला नुसतं जाऊन बसा. आणि कागदामागे 'छान' किंवा 'फसलं' लिहू नका, जे दिसलं ते लिहा.

दिवाळीनंतर त्या बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. आत एकेचाळीस चित्रं. मी आधी मागच्या बाजू वाचल्या. "अष्टमी, भांग. पाणी सुस्त." (भांग म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस.) त्याखालची: "नऊ दिवसांनी आले. सासूबाई दवाखान्यात होत्या. उधाणाचं पाणी, कागद भिजला. ठेवलाय."