ईर्षेने खेळावे की खेळू नये?

प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातून आला आहे. तिथे पोरापोरींच्या खो-खो स्पर्धेच्या फलकावर कुणीतरी लिहिलं, ‘ईर्षेने खेळा, हसत घरी जा.’ एका निवृत्त गुरुजींनी हरकत घेतली : ईर्षा म्हणजे मत्सर, आणि मत्सर हा षड्रिपूंतला एक, तो मुलांना शिकवता? एका खेळाडूच्या तेलुगू आजींनीही पाटी वाचून तोच अर्थ लावला. आता फलक पुसायचा का, असं विचारलंय.

पुसू नका. पण गुरुजींना वेड्यातही काढू नका. संस्कृतात ‘ईर्ष्या’ म्हणजे जळफळाटच. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात ही ईर्ष्या शमवण्याचं एक छोटं सूक्त आहे. त्यात तिला काळजातली आग म्हटलंय आणि ‘ती आम्ही विझवतो’ असं म्हटलंय. मराठी माणूस मात्र बरोबर उलट बोलतो : ‘गडी ईर्षेला पेटला!’ तिथे विझवायची, इथे पेटवायची. आग तीच, पण आपण ती चुलीत नेऊन घातली.

हा फरक सोलापुरात जास्त बोचतो, कारण गाव चार भाषांत बोलतं. तेलुगूत ‘ईर्ष्य’, कन्नडमध्ये ‘ईर्ष्ये’, हिंदीत ‘ईर्ष्या’ : तिन्हीकडे अर्थ पोटदुखीचाच. तेव्हा आजी चुकल्या नाहीत, त्यांनी मराठी पाटी तेलुगू कानांनी ऐकली एवढंच.

मग मराठीत अर्थ ओळखायचा कसा? माझ्या मते उत्तर शब्दात नसून त्याच्या मागेपुढे आहे. ‘जिंकण्याची ईर्षा’, ‘पहिलं येण्याची ईर्षा’ : मागे क्रियापद आहे, म्हणजे काहीतरी करायचंय. ‘ईर्षेने’, ‘ईर्षेला पेटून’ : पुढे विभक्ती लागून शब्द कामाला जुंपला. पण ‘तिला मैत्रिणीची ईर्षा वाटते’, ‘शेजाऱ्याच्या यंत्रमागांची ईर्षा’ म्हटलं की मागे माणूस किंवा त्याची चीजवस्तू येऊन बसते, आणि ईर्षेची लगेच ईर्ष्या होते. कारखान्याच्या निवडणुकीत ‘मतदारांनी ईर्षेने मतदान केले’ असं वर्तमानपत्रात छापून येतं, त्यावर कुणी हरकत घेत नाही. (तिथे खरं तर दोन्ही अर्थ लागू पडतात, पण ते असो.)

सोलापुरातल्याच विजापूर वेशीकडच्या उर्दूने ही गाठ फार छान सोडवली आहे. तिथे दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्याजवळ आहे ते मलाही मिळावं, हा ‘रश्क’. त्याच्याजवळचं जावं, हा ‘हसद’. आपण एकाच शब्दाकडून दोन्ही कामं करून घेतो आणि मग पाट्यांवरून भांडतो.

कुस्तीची भाषा यात आपल्यापेक्षा शहाणी आहे. ‘प्रतिस्पर्धी’ हा शब्द छापील. आपल्या जिल्ह्यातल्या जत्रांच्या मैदानात पैलवानाला हवी असते ‘जोड’. ‘त्याला जोड मिळंना’ म्हणजे त्याच्याशी लढेल असा तोलामोलाचा गडी नाही. समोरचा माणूस शत्रू नाही, आपला दुसरा अर्धा आहे. तो नसेल तर फेटा बांधून आणि हलगी वाजवून उपयोग काय? काटाजोड कुस्ती म्हणजे तराजूचा काटा हलणार नाही अशी. पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावतात, ती पकड निसटू नये म्हणून. म्हणजे मला धरता यावं याची सोय मीच करून देतो. उलट ‘तेल लावलेला पैलवान’ ही शिवी नसली तरी कौतुकही नाही, आणि ती आखाड्यापेक्षा राजकारणातच जास्त वापरात आहे. ठरवून लढलेल्या लुटुपुटीच्या कुस्तीला ‘नुरा’ म्हणतात. तिथे दोघे भांडत नाहीत, कुणी हरत नाही, तरी प्रेक्षक चिडतात. ईर्षा नसली की काय होतं त्याचा हा नमुना.

‘चुरस’ सुचवणारेही भेटतील. चांगला शब्द, पण चुरस सामन्यात असते, ईर्षा माणसात. आठ वर्षांच्या पोरीला ‘चुरशीने खेळ’ म्हणून पाहा, ती तुमच्याकडे बघत राहील. ‘इरेला पेटणे’ त्यापेक्षा ठसकेबाज, फक्त त्यात हट्टाची झाक आहे. इरेला पेटलेला गडी गुडघा फुटला तरी मैदान सोडत नाही. मुलांच्या फलकावर तो नको. आणि ‘हिरिरीने’ लिहिलंत तर गुरुजींचं समाधान होईल, पण हिरिरीने माणूस श्रमदानही करतो. त्यात समोर कुणी उभा नसतो.

तेव्हा शब्द राहू द्या. फार तर ‘जिंकण्याच्या ईर्षेने खेळा’ करा, म्हणजे गुरुजींनाही मागचं क्रियापद दिसेल. आजींसाठी खाली तेलुगूत एक ओळ घाला, पण त्यात ‘ईर्ष्य’ नको. स्पर्धेला तेलुगूत ‘पोटी’ म्हणतात, तो लिहा. मराठी पोरं ते ऐकून खिदळतील. हसत घरी जा, असं फलकावर लिहिलंच आहे.